सप्टेंबरात मारलेला चालतो तो होला एप्रिलमध्ये का चालत नाही?

होला आपल्याला नवा नाही. विजेच्या तारेवर, विहिरीच्या कठड्यावर बसून घुमणारा तो साधा पक्षी. त्याचा एक भाऊबंद, युरोपियन टर्टल डव्ह (इथून पुढे होला म्हणजे हाच), हिवाळा आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला साहेलच्या पट्ट्यात काढतो आणि एप्रिल-मेमध्ये भूमध्य समुद्र ओलांडून अंडी घालायला युरोपात परततो. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. या वाटेवर सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा लागतं. सगळा देश 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्याच्या जेमतेम निम्मा. एवढ्याशा जागेत शिकारीचा परवाना असलेले लोक दहा हजारांच्या घरात. एप्रिलमध्ये उतरणारा होला आणि त्याच्याबरोबर येणारा लावा (तोच तो, गवतातून भुर्रकन उडणारा) मारायचा की नाही, यावर हा देश 2004 पासून युरोपीय संघाशी भांडतो आहे. पंतप्रधानांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे या भांडणात ओढले गेले, सार्वमत झालं, लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात खटले झाले. वाद मिटलेला नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा: तोच पक्षी सप्टेंबरात मारायला कायद्याची हरकत नाही, मग एप्रिलमध्येच एवढा गहजब का?

उत्तर हिशेबात आहे. समजा उन्हाळ्याच्या तोंडावर 100 पक्षी आहेत. त्यांच्या 50 जोड्या झाल्या, पिल्लं झाली आणि शरदात एकूण 200 पक्षी परतीला निघाले. त्यातले सुमारे निम्मे पुढच्या हिवाळ्यात भुकेने, वादळाने, ससाण्याच्या पंजाने मरणारच आहेत. म्हणजे सप्टेंबरात मारलेला पक्षी एरवीही मेला असता, अशी शक्यता निम्मी. (आकडे समजण्यापुरते घेतलेत. प्रत्यक्षात जातीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे ते बदलतात.) एप्रिलमधला पक्षी मात्र हिवाळ्यातून तगून आलेला आहे, सहारा आणि समुद्र पार करून आलेला आहे आणि थोड्याच दिवसांत घरटं बांधणार आहे. वर्षभरात संख्या सगळ्यात कमी असते ती याच वेळी. होल्याची मादी एका वेळी दोनच अंडी घालते, मोसमात दोन-तीनदा. तेव्हा एप्रिलमधल्या एका गोळीबरोबर त्या वर्षीची पिल्लंही हिशेबातून जातात.

कायदा काय म्हणतो

युरोपचा पक्षी-निर्देश 1979 चा. 2009 मध्ये तो नव्याने एकत्र करून 2009/147 या क्रमांकाने आला. चार कलमं लक्षात ठेवली की वाद समजतो. कलम 5 सांगतं की रानटी पक्षी मुद्दाम मारायचा नाही, पकडायचा नाही. कलम 7 त्यातून काही जाती शिकारीसाठी मोकळ्या करतं, पण त्याच कलमाचा चौथा परिच्छेद बजावतो की विणीच्या काळात आणि स्थलांतरी पक्षी विणीच्या जागी परतत असताना त्यांना हात लावायचा नाही. होला आणि लावा दोन्ही शिकारीच्या यादीत आहेत, म्हणून सप्टेंबरात चालतात. एप्रिलमध्ये ते घरी परतत असतात, म्हणून चालत नाहीत. कलम 8 साधनांबद्दल आहे: जाळी, फास, चिकट काड्या, ध्वनिमुद्रित आवाज, मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणारी स्वयंचलित बंदूक, सगळं बंद.

आणि मग कलम 9, सगळ्या भानगडीचं मूळ. या कलमाखाली सदस्य देश वरच्या बंद्यांना अपवाद करू शकतो. तिथले लोक याला 'डेरोगेशन' म्हणतात. विमानांची सुरक्षा, पिकांचं नुकसान, संशोधन ही कारणं सरळ आहेत. भांडण होतं ते तिसऱ्या, म्हणजे 'क' उपकलमावर: दुसरा समाधानकारक उपाय नसेल तर कडक देखरेखीखाली, निवडक पद्धतीने, थोड्या संख्येने काही पक्ष्यांचा 'विवेकी वापर' करू देता येतो. हौसेची शिकार 'विवेकी वापरा'त बसू शकते, हे न्यायालयाने 2003 मध्येच एका फ्रेंच प्रकरणात मान्य केलं होतं. फक्त हंगाम लांबवण्यासाठी हे कलम वापरता येणार नाही, असंही त्याच निकालात सांगितलं होतं.

आपल्याकडे प्रश्न या रूपात उभाच राहत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला मोठ्या आणि छोट्या शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ते गेले. आता कलम 11 आणि 12 मधले अपवाद माणसाच्या जिवाला धोका, पीक, शिक्षण, संशोधन अशा कारणांपुरते आहेत, आणि हौसेला त्यात जागा नाही. युरोपने ते दार किलकिलं ठेवलं आहे. त्यामुळे तिथे भांडण होतं ते दार किती उघडायचं यावर.

'थोडी संख्या' म्हणजे किती

युरोपीय आयोगाच्या (संघाचा कारभार पाहणारी संस्था) मार्गदर्शनात एक ठोकताळा आहे आणि न्यायालय तोच आधाराला घेतं: त्या जातीच्या संबंधित समूहात एका वर्षात सगळ्या कारणांनी जेवढे पक्षी मरतात, त्याच्या 1 टक्क्याच्या आसपास. लोक इथे हमखास चुकतात. एक टक्का हा एकूण संख्येचा नसतो, वार्षिक मृत्यूंचा असतो. समजा समूहात 10 लाख प्रौढ पक्षी आहेत आणि वर्षाला निम्मे मरतात. मृत्यू 5 लाख, त्याचा 1 टक्का 5,000. एकूण संख्येचा टक्का धरला असता तर आकडा थेट दुप्पट, 10,000 निघाला असता.

पुढची अडचण 'समूह' या शब्दात आहे. माल्टावरून जाणारे होले कुठे जन्मले? मध्य आणि पूर्व युरोपाच्या वाटेवरचे मोजायचे की सगळ्या युरोपचे? मोठा समूह धरला की एक टक्काही मोठा होतो. शिवाय त्याच वाटेवरच्या बाकीच्या देशांनी त्याच एक टक्क्यातून आपापला वाटा काढलेला असू शकतो. आणि जात आधीच घसरणीला लागली असेल तर हा टक्का काढून भागत नाही, समूह समाधानकारक पातळीवर राहतो हे देशालाच दाखवावं लागतं. युरोपात होल्याची संख्या 1980 पासून सुमारे 80 टक्क्यांनी घसरली आहे आणि 2015 मध्ये धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली.

2009 चा निकाल, जो दोन्ही बाजूंनी जिंकला

माल्टा 1 मे 2004 ला संघात आला. पुढची चार वर्षं, 2004 ते 2007, सरकारने वसंतातला हंगाम आधीसारखाच उघडला. आयोग न्यायालयात गेला. 10 सप्टेंबर 2009 चा निकाल माल्टाच्या विरोधात गेला, पण त्यातली एक ओळ शिकाऱ्यांनी आजपर्यंत उराशी धरली आहे. शरदातली शिकार हा 'दुसरा समाधानकारक उपाय' आहे का? न्यायालय म्हणालं, माल्टात शरदात हे पक्षी बेटाच्या थोड्याच भागात आणि अगदी कमी येतात, तेव्हा इथल्या विशेष परिस्थितीत तो पुरेसा पर्याय म्हणता येणार नाही. म्हणजे वसंतातलं दार पूर्ण बंद नाही. पण त्याच दमात: एवढ्यावरून अमर्याद शिकार करता येत नाही. वसंतात शरदाच्या तुलनेत लाव्यांचे बळी सुमारे तिप्पट आणि होल्यांचे सुमारे आठपट होते. गरजेच्या प्रमाणाबाहेर, म्हणून बेकायदा.

शिकारी संघटना पहिलं वाक्य वाचतात, पक्षीप्रेमी संघटना दुसरं. सरकारने दोन्हींच्या मधून वाट काढली आणि 2010 मध्ये नियमांची चौकट केली. संपूर्ण देशाला मिळून कोटा (2015 च्या हंगामाला 11,000 होले आणि 5,000 लावे), एप्रिलमधले जेमतेम दोन-तीन आठवडे, दुपारी बारापर्यंतच शिकार, दंडावर क्रमांकाची पट्टी, माणशी दिवसाला दोन आणि हंगामात चार पक्षी. पक्षी पडला की जागेवरच शिकार-वहीत नोंद आणि फोनवरून कळवणं. कोटा भरला की हंगाम बंद. दर हजार परवान्यांमागे सात या प्रमाणात पहाऱ्याची माणसं. कागदावर याहून काटेकोर व्यवस्था सुचवणं अवघड आहे.

भोक कुठे आहे

भोक नोंदीत आहे. नोंद करायची ती शिकाऱ्याने, आणि नोंद केल्याने नुकसान होतं तेही त्याचंच. चार लिहिले की त्याचा हंगाम संपला. सगळ्यांनी मिळून कोटा भरला की त्याचा, त्याच्या भावाचा, शेजाऱ्याचा, सगळ्यांचाच संपला. खरं लिहिणारा स्वतःच्या माणसांचं दार लावतो. न लिहिण्याला मात्र काही लागत नाही, पक्षी खिशात टाकला की झालं. दुकानदाराला सांगावं की तुझा गल्ला तूच मोज, ठरावीक रकमेला पोचला की दुकान बंद करू, तसलाच हा प्रकार. तेव्हा हंगामाअखेरी 'कोटा भरला नाही' असा आकडा आला, तर त्याचे दोन अर्थ होतात आणि नुसत्या आकड्यावरून कुठला खरा ते कळत नाही.

म्हणून स्वतंत्र पडताळणीला महत्त्व येतं. कुठल्या सकाळी पक्ष्यांची आवक चांगली होती, त्या सकाळी बार किती ऐकू आले आणि त्या दिवसाच्या नोंदी किती, हे तीन आकडे शेजारी ठेवले की खोट दिसू लागते. आवक मोठी, बार शेकड्यांनी आणि नोंदी बोटावर मोजण्याएवढ्या, तर नोंदी खोट्या आहेत. वसंतात परदेशातून येणारे स्वयंसेवक पहाटे टेकडीवर बसून नेमकं हेच करतात, आणि शिकाऱ्यांचा सगळ्यात जास्त राग असतो तोही त्यांच्यावरच.

एक ओळखीची खूण सांगण्यासारखी आहे. लावा जमिनीवरचा पक्षी. त्याची शिकार करणारा कुत्रा घेऊन शेतातून चालतो. कुत्रा वास काढत पुढे जातो, एका जागी ताठ उभा राहतो, मग लावा पायाशी उडतो आणि बार होतो. नजर खाली, बंदूक आडवी. होल्याची शिकार याच्या अगदी उलट. दगडी आडोशात बसायचं (माल्टात दगडी बांधांचा सुकाळ आहे), उजाडताना समुद्राकडून येणारे पक्षी हेरायचे आणि उडताना टिपायचे. आता ज्या वर्षी फक्त लाव्याचा हंगाम उघडा आहे, त्या वर्षी कोणी कुत्र्याशिवाय आडोशात बसून आभाळाकडे पाहत असेल, तर तो लाव्याची वाट पाहत नाही एवढं नक्की. सरकारने होल्याला बंदी करून लाव्याचा हंगाम चालू ठेवला त्या वर्षांत पक्षी संघटनांचा मुख्य आक्षेप हाच होता: लाव्याच्या परवान्याने हातात भरलेली बंदूक राहते, आणि त्याच दिवसांत डोक्यावरून होले जात असतात.

लाव्याचाही एक काळा धंदा आहे. लावा रात्री प्रवास करतो आणि पहाटेच्या सुमाराला खाली उतरतो. नर लाव्याची तीन ठोक्यांची हाक ऐकली की वरचे लावे तिथेच उतरतात. म्हणून शेतात, बांधाच्या दगडांत किंवा पाण्याच्या टाकीमागे एक स्पीकर, एक बॅटरी आणि एक टायमर दडवलेला असतो. रात्रभर तीच हाक, न थकता, घड्याळाच्या ठेक्यात. खरा लावा मध्ये दम घेतो, जागा बदलतो. यंत्र तसं करत नाही, त्यामुळे कान तयार असलेल्याला ते लगेच कळतं. कलम 8 खाली हे बेकायदा आहे. पण यंत्र सापडलं तरी ते लावलं कोणी हे सिद्ध करणं कठीण. शेत एकाचं, भाडेपट्टा दुसऱ्याचा आणि रात्री तिथे कोणीच नसतं.

सार्वमत आणि शाळेच्या पटांगणातली ससाणी

माल्टाच्या कायद्यात मतदारांपैकी दहा टक्के लोकांच्या सह्या मिळाल्या तर एखादा नियम रद्द करण्यासाठी सार्वमत घेता येतं. पर्यावरण संघटनांनी 40,000 हून जास्त सह्या जमवल्या. 11 एप्रिल 2015 ला मतदान झालं. प्रश्न असा होता की वसंत-शिकारीचे नियम चालू ठेवावेत, हे तुम्हाला मान्य आहे का? म्हणजे शिकार बंद हवी असलेल्याने 'नाही' म्हणायचं. 'हो' 50.44 टक्के, 'नाही' 49.56 टक्के. फरक 2,220 मतांचा.

हंगाम तीनच दिवसांत उघडला. एप्रिल संपता संपता एका शाळेच्या पटांगणात, मुलांच्या देखत, गोळी लागलेली एक खरुची, म्हणजे केस्ट्रल जातीची छोटी ससाणी, येऊन पडली. खरुची कुठल्याही यादीत शिकारीला मोकळी नाही. पंतप्रधान जोसेफ मस्कट यांनी ठरल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच हंगाम गुंडाळला. आकड्यांच्या आणि कलमांच्या वादात एवढा झटपट निर्णय दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने घडवलेला नाही, हे मला नोंद करण्यासारखं वाटतं.

2017 पासून वसंतातल्या होल्याच्या शिकारीला स्थगिती आली. 2022 मध्ये ती उठली, या वेळी कोटा 1,500 चा. आकडा लहान दिसतो. पण घसरणाऱ्या जातीत 'लहान' कशाच्या तुलनेत, हा प्रश्न तसाच उरतो. शिकाऱ्यांची बाजूही पूर्ण पोकळ नाही. मुख्य भूमीवरच्या देशांत शरदात होले वर्षानुवर्षं लाखांच्या संख्येने मारले गेले आणि डोळ्यांत खुपतं ते माल्टाच, ही त्यांची तक्रार आकड्यांच्या दृष्टीने खरी आहे. फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये पश्चिम वाटेवरच्या होल्याची शिकार थांबली ती 2021 च्या सुमाराला. मात्र शेजाऱ्याने सप्टेंबरात जास्त मारले म्हणून एप्रिलमधल्या पक्ष्याची किंमत कमी होत नाही, आणि माल्टातले शिकारी या मुद्द्यावर आले की विषय बदलतात.

शिस्तीने वागूनही हरता येतं

'नियम पाळणं' या शब्दाखाली इथे दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत होते. एक, शिकाऱ्याने परवान्याच्या अटी पाळणं. दोन, ती परवानगी देताना देशाने कलम 9 पाळणं. दुसरं चुकलं तर पहिलं कितीही चोख असो, उपयोग नाही.

फिनलंडच्या ताब्यातल्या ओलांड बेटांचं उदाहरण घ्या. तिथे वसंतात आयडर नावाच्या समुद्री बदकाचे फक्त नर मारायची परवानगी होती. युक्तिवाद वरकरणी पटण्यासारखा: मादी अंड्यावर बसली की नराचं घरट्याशी काम उरत नाही. नर पांढरा-काळा, मादी तपकिरी, चूक व्हायला वाव कमी. तरीही 23 एप्रिल 2020 ला न्यायालयाने फिनलंडच्या विरोधात निकाल दिला. बाल्टिक आणि वाडन समुद्राच्या वाटेवरच्या आयडरची स्थिती बिघडत असताना हा 'विवेकी वापर' कसा, आणि संख्या खरोखर 'थोडी' आहे हे कशावरून, दोन्ही प्रश्नांवर उत्तर अपुरं पडलं. तिथला मुद्दा शिकाऱ्यांच्या लबाडीचा नव्हताच.

उलट टोकाला माल्टातलं फिंच पकडणं. चॅफिंच, गोल्डफिंच, लिनेट अशा सात जातींचे छोटे गाणारे पक्षी पिंजऱ्यासाठी झडपजाळ्याने धरायची तिथे जुनी रीत. 21 जून 2018 ला न्यायालयाने त्यासाठीचा अपवाद बेकायदा ठरवला. मग 2020 मध्ये सरकारने तीच जाळी 'संशोधना'च्या नावाखाली परत उघडली. जाळेवाल्याने पक्षी धरायचा, पायात शास्त्रज्ञांनी घातलेली कडी आहे का ते पाहायचं, नोंद करून सोडून द्यायचं. पक्षी कुठून येतात ते शोधतोय, हे कारण. कडी घातलेला फिंच सापडण्याची शक्यता किती कमी असते हे ज्याने कधी हातात चिमटा धरून कडी घातली आहे त्याला सांगायला नको. 19 सप्टेंबर 2024 ला हाही अपवाद न्यायालयाने उडवला.

या तारखांमधलं अंतर पाहा. आयोग आधी औपचारिक पत्र पाठवतो, मग सकारण मत, त्यानंतर न्यायालय. निकालानंतरही देश ऐकत नसेल तर पुन्हा न्यायालयात जाऊन दंड मागायचा. यात वर्षं जातात आणि हंगाम दर वर्षी येतो. 2004 ते 2007 च्या एप्रिलवरचा निकाल 2009 च्या सप्टेंबरात लागला, तोवर मेलेले पक्षी परत येणार नव्हते. न्यायालयाचं झटपट चाललेलं हत्यार एकच: 24 एप्रिल 2008 चा अंतरिम आदेश. मुख्य खटला चालू असतानाच न्यायालयाच्या अध्यक्षांनी माल्टाला त्या वसंताचा हंगाम उघडायला मनाई केली. त्या वर्षी हंगाम उघडला नाही. 2009 मध्येही नाही. ते दोन एप्रिल होला आणि लावा, दोघांनाही माल्टावरून कायद्याने मोकळी वाट होती.